अर्जदाराच्या स्वतःच्या विनंतीनुसार

पोंगलनंतरच्या आठवड्यात साताऱ्याकडचे एक गृहस्थ माझ्या टेबलापाशी आले. मोठे देऊळ पाहण्यास ते सहकुटुंब आले होते आणि त्यांची पिशवी टाऊन बसमध्ये राहिली होती. पोलिसांकडे द्यावयाचा अर्ज मी तमिळमध्ये लिहून दिला, आणि आपण कशावर सही करीत आहोत हे त्यांना कळावे म्हणून खाली मराठीत सारांश लिहिला. तो त्यांनी दोनदा वाचला. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, “आपलं शिक्षण पुण्यात झालं का?”

तंजावूरच्या कलेक्टर कचेरीबाहेर अर्ज लिहून देणाऱ्यांची सात टेबले आहेत. त्यांपैकी पहिले माझे. नियमांच्या बाबतीत अडचण आली की उरलेले सहाही जण माझ्याकडे येतात. तरीही आठवीच्या पुढे माझे शिक्षण झाले नाही, हे मी कोणापासून लपवीत नाही. मी त्या गृहस्थांना म्हणालो, “पुणे मी पाहिलेले नाही. मला तुळजाराम मास्तरांनी शिकविले.” ते समाधानाने निघून गेले. पुढचे मी त्यांना सांगितले नाही. ते येथे लिहितो.

आमची घराणी भोसल्यांच्या राज्यात या गावी आली आणि राज्य गेल्यावरही येथेच राहिली. बाहेर तमिळ, कचेरीत इंग्रजी आणि घरात आमची मराठी, अशी व्यवस्था पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. घरातली मराठी बोलावयाची. ती लिहिता-वाचता येणारी माणसे माझ्या लहानपणीच थोडी होती. गावाच्या पश्चिमेकडच्या एका जुन्या शाळेत, तळमजल्याच्या टोकाच्या खोलीत, मराठीचा एक वर्ग भरत असे. सरकार त्या वर्गाच्या शिक्षकाचा पगार देत असे, आणि ते शिक्षक म्हणजे तुळजाराम मास्तर.

अंगाने काटकुळे, लुंगीसारखी नेसलेली पांढरी वेष्टी, मनगटापर्यंत बटण लावलेला सदरा. खडू ते तपकिरीच्या रिकाम्या डबीत ठेवीत आणि प्रत्येक खडूचे आधीच तीन तुकडे करून आणीत. अखंड खडू हातात आला की माणूस मोठी अक्षरे काढून फळा वाया घालवितो, असे त्यांचे मत होते. राग आला की ते बोलत नसत, फळा पुसू लागत. आधीच स्वच्छ असलेला फळा ते कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पुसत, आणि तोवर ज्याचा अपराध असेल तो आपोआप उभा राही.

त्यांची शिकविण्याची रीत मी अन्य कोठे पाहिली नाही. दर शुक्रवारी प्रत्येक मुलाने आपल्याच घरातल्या कोणाला तरी मराठीत पत्र लिहावयाचे. घरी जाऊन ते स्वतःच वाचून दाखवावयाचे, कारण घरच्यांना बहुधा देवनागरी येत नसे. मग त्यांनी तोंडी सांगितलेले उत्तर लिहून सोमवारी आणावयाचे. त्याला मास्तर ‘घरचं पत्र’ म्हणत. नियम एकच होता. सांगणाऱ्याने सांगितले तेवढेच लिहावयाचे.

माझ्या आईचे पहिले उत्तर मला शब्दशः आठवते. “तुज पत्र पावलें. बरं आहे. येतांना चिंच आण. बाबांस सांगूं नको.” मला याची लाज वाटली. वाटेत बसून मी तिच्या नावाने ‘चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद’ वगैरे चार ओळी घालून पत्र सजविले. मास्तरांनी ते वाचले आणि विचारले, “वेंकोबा, आई असं बोलते?”

“नाहीं सार.”

“मग हें कोण बोललं?”

ते फळा पुसू लागले, आणि मी उभा राहिलो. पुढच्या सोमवारी मी चिंचेसकट खरे पत्र आणले, तेव्हा त्यांनी ते साऱ्या वर्गास वाचून दाखविले. मुले हसली. मास्तर हसले नाहीत. “बाबांस सांगूं नको,” हे वाक्य त्यांनी पुन्हा वाचले आणि म्हणाले, “ह्या माउलीनं तुझ्यावर विश्वास टाकलाय. पत्र असं असतं.” बाबा वारल्यावर मला शाळा सोडावी लागली, पण दुसऱ्याचे बोलणे कागदावर उतरविण्याचा जो धंदा मी पुढे पत्करला, त्याची पहिली शिकवणी ही होती.

एकदा पुण्याकडचे कोणी प्राध्यापक राजवाड्यातली जुनी कागदपत्रे पाहण्यासाठी आले असता आमच्या वर्गात डोकावले. त्यांनी एका मुलीस विचारले, “काल जेवायला काय होतं?” ती म्हणाली, “कुळंबु आणि पोरियल.” प्राध्यापक हसून म्हणाले, “ही मराठी आहे होय?” मास्तर शांतपणे फळ्यापाशी गेले, मधोमध रेघ मारली, डावीकडे ती दोन नावे लिहिली आणि उजवी बाजू मोकळी ठेवून खडू पाहुण्यांपुढे धरला. “तुमच्याकडं काय म्हणतात तें लिहा. मुलें दोन्ही शिकतील.” प्राध्यापकांनी ‘आमटी’ आणि ‘भाजी’ लिहिले. मग कागदपत्रांचे काम बाजूला ठेवून ते तासभर बसले, आणि फळा पुरला नाही. जाताना त्यांनी मास्तरांचे हात हातात घेतले. पुण्यास पोहोचल्यावर त्यांनी टपालाने एक शब्दकोश पाठविला. तो त्या खोलीतल्या कपाटात शेवटपर्यंत होता.

शेवटपर्यंत म्हणजे नव्वदच्या पुढची काही वर्षे. तेव्हा गावात एकामागून एक पाट्या लागत होत्या. इंग्रजी संभाषण तीन महिन्यांत. संगणक सहा महिन्यांत. ज्या गल्लीत सतारी-वीणा दुरुस्त होत, तेथे काचेच्या दाराचा टेलिफोन बूथ आला. परदेशी कंपन्या येणार, सरकारी नोकऱ्या संपणार, मुलांना इंग्रजी बोलता आले तरच त्यांचे काही होईल, हे आमच्या टेबलांपाशी येणारा शेतमजूरदेखील सांगू लागला. पूर्वी शाळाप्रवेशाचे अर्ज लिहिताना मी ‘शाळेत’ एवढेच लिहीत असे. आता लोक सांगत, ‘इंग्लिश मीडियम’ हे ठळक लिहा, रावजी. आम्हां मराठी माणसांना येथे सगळे ‘राव’च म्हणतात.

मास्तरांच्या शाळेनेही आवारात पत्र्याची नवी इमारत घालून इंग्रजी माध्यमाचा विनाअनुदानित विभाग काढला. तो फीवर चालणार होता आणि त्यासाठी खोल्या कमी पडत होत्या. शाळेचे चालक तरुण होते, वागण्याने नम्र. मास्तरांशी त्यांचे जे बोलणे झाले, ते मास्तरांनीच मला सांगितले.

चालक म्हणाले, “सार, पालक मला विचारतात, मराठी घेऊन काय मिळेल. मी त्यांना काय सांगू?”

“सांगा, आजीचं पत्र वाचतां येईल.”

“सार, आजी आता फोन करते. कोपऱ्यावर बूथ आहे.”

हे सांगताना मास्तर स्वतः हसले होते. “चलाख आहे पोरगा,” ते म्हणाले. “उत्तर सुचलं नाहीं मज.”

त्या वर्षी शाळेला कळविण्यात आले की मराठीस दहा विद्यार्थी नसतील तर वर्ग बंद करावा. मास्तरांकडे नऊ होते. नऊ मुले नऊ घरांतली. आणखी मुले मिळावीत म्हणून ते मे महिन्याच्या उन्हात तिरुवैयारु आणि ओरत्तनाडुपर्यंत बसने गेले होते. पूर्वी दारात मास्तर दिसले की लोक सतरंजी घालीत. आता तेच लोक आतून मुलांना खुणेने अभ्यासाला बसवीत आणि मास्तरांना कॉफी देऊन वाटेला लावीत. सगळे आदराने वागले. मुले कोणी दिली नाहीत.

दहाव्या नावासाठी ते माझ्या घरी आले. संध्याकाळची वेळ होती. माझ्या पत्नीने डबऱ्यात, म्हणजे पसरट पितळी वाटीत, कॉफी दिली. ती त्यांनी पुरती निवेपर्यंत हातात धरली. माझी मुलगी पद्मा त्या वर्षी नववीत जाणार होती, आणि तिचा प्रवेश मी त्याच शाळेच्या इंग्रजी विभागात आधीच केला होता.

“पद्मास मजकडं पाठव,” ते म्हणाले. “दुसरी भाषा म्हणून चालेल. नियमांत बसतं, मीं विचारून आलोंय.”

“दुसरी भाषा तिनं फ्रेंच घेतलीय, सार.”

“फ्रेंच? कोणाशीं बोलणार ती फ्रेंच?”

“बोलायला नव्हे सार. त्यांत मार्क पडतात. मार्कांवर पुढं इंजिनीअरिंगला जागा मिळते.”

“आणि तुझ्या आईशीं?”

“आईशीं ती बोलते की. लिहायला कशाला पाहिजे?”

हे वाक्य मी बोललो. ज्या माणसाने मला माझ्या आईचे बोलणे लिहावयास शिकविले, त्याच्यापुढे, माझ्याच घरात बसून बोललो. मास्तरांनी कॉफी पिऊन टाकली आणि डबरा जमिनीवर अलगद ठेवला. मला त्यांची अवस्था पाहवेना, म्हणून मी म्हणालो, “मुलगी देतां येत नाहीं सार. पण अर्ज देतो लिहून. असा लिहीन कीं वर जिल्ह्यापर्यंत कोणास नाकारतां येणार नाहीं.”

ते उठून उभे राहिले. मग म्हणाले, “बरं. लिही. नऊ मुलांवर वर्ग चालू ठेवा, इतकंच माग. मज दुसरं कांहीं नको.”

मी तो अर्ज तीन दिवस लिहिला. माझ्या आयुष्यात इतका श्रम मी कोणत्याही कागदावर केलेला नाही. सरकारी इंग्रजीत, टंकलेखनाची नवी फीत घालून, तीन पाने. भोसल्यांचे राज्य, राजवाड्यातले दप्तर, अल्पसंख्य भाषेचे हक्क, काही सुटले नाही. मराठी येणाऱ्यास मुंबईकडे नोकरीच्या संधी आहेत, असाही एक परिच्छेद मी घातला, कारण त्या काळी अधिकाऱ्यांना तेच वाचावयास आवडे.

आणि शेवटी आमच्या धंद्याची जी रीत आहे, ती मी पाळली. आम्ही कोणताही अर्ज एका मागणीवर संपवीत नाही. म्हातारीस पेन्शन मागितली, तर ‘तसे शक्य नसल्यास निदान तांदळाचे कार्ड द्यावे’ असे खाली लिहितो. अधिकाऱ्यास मोठी गोष्ट देता येत नाही, पण अगदीच रिकाम्या हाताने पाठविण्याचा संकोच वाटतो. त्याला काहीतरी लहान द्यावयास ठेवले की कागद फुकट जात नाही. वीस वर्षांच्या अनुभवाने मी हे शिकलो होतो आणि इतरांनाही शिकविले होते. तेव्हा माझ्या मते मास्तरांच्या हितासाठीच, मी शेवटचा परिच्छेद लिहिला: ‘वरील विनंती मान्य करणे शक्य नसल्यास, अर्जदारास त्याच संस्थेत अन्य योग्य कामावर सामावून घेण्याची कृपा व्हावी.’ वर्ग गेला तरी माणूस उपाशी राहू नये, असा माझा विचार होता.

मास्तर सोमवारी आले. सोमवारी कलेक्टर स्वतः अर्ज घेतात आणि रांग लांब असते. त्यांनी खिशातून चष्मा काढून लावला आणि पहिले पान वाचू लागले. त्यांना इंग्रजी येत असे, पण ते सावकाश वाचीत. मी म्हणालो, “सार, रांग वाढतेय. सगळं तुम्हीं सांगितल्याप्रमाणंच आहे.” त्यांनी चष्मा घडी करून ठेवला आणि सही केली.

दीड महिन्याने आदेश आला. तो घेऊन ते थेट माझ्या टेबलापाशी आले, कारण त्यांना वाटले की आपल्या वाचण्यात काही चूक होत असावी. मी वाचला. त्यात असे होते की, अर्जदाराच्या स्वतःच्या विनंतीनुसार त्यांस संस्थेत साहाय्यक म्हणून अन्य कामावर सामावून घेण्यात येत आहे. सबब मराठीचे शिक्षकपद रिक्त होत असून ते रद्द समजावे.

“हें मीं मागितलं?” मास्तरांनी विचारले.

मी त्यांना आमच्या धंद्याची रीत समजावून सांगू लागलो. त्यांनी सर्व ऐकून घेतले. मग म्हणाले, “तुझ्याकडं नक्कल असेल.”

मी कार्बनची प्रत काढून दिली. ते अशिलांच्या बाकावर बसले आणि पहिल्या ओळीपासून तीनही पाने वाचली. मध्ये दोन माणसे येऊन उभी राहिली, त्यांना मी थांबविले. शेवटच्या परिच्छेदापाशी आल्यावर त्यांनी खिशातून पेन्सिल काढली आणि त्याखाली एक रेघ ओढली. वहीत चूक दिसली की ते अशी रेघ ओढीत आणि समासात योग्य शब्द लिहीत. येथे समासात त्यांनी काही लिहिले नाही. प्रत माझ्याकडे परत दिली, बाकावरून उठले आणि म्हणाले, “इंग्रजी चांगलं लिहिलंयस.”

मी अपिले केली. तीन केली. त्यांची फी घेण्याचा प्रश्नच नव्हता, आणि त्यांनी ती करावयास सांगितलीही नव्हती. प्रत्येकाचे उत्तर एकच आले: अर्जदाराची विनंती मान्य करण्यात आलेली असल्याने तक्रारीस कारण उरत नाही. माझ्याच कलमाने मी ते दार लावले होते, आणि कायद्याने ते पक्के लागले होते. नऊ मुलांपैकी सहा हिंदीस गेली, तीन तमिळला.

त्या टोकाच्या खोलीत संगणक आले. धूळ चालत नाही म्हणून खिडक्यांना काचा बसल्या आणि थंड हवेचे यंत्र लागले. मुलांनी चपला-बूट बाहेर काढून आत जावे असा नियम झाला, आणि त्या पादत्राणांवर व हजेरीच्या वहीवर लक्ष ठेवण्याचे काम मास्तरांना मिळाले. पद्मा घरी सांगे, “ते राव सार आहेत ना, ते सगळ्यांचे शूज जोडीनं लावतात.” ती हे तमिळमध्ये सांगे. तिला त्यात काही विशेष वाटत नव्हते, आणि वाटावे असे मी तिला कधी काही सांगितले नव्हते. माझी आई मात्र जेवता जेवता थांबली. “कोण? आमचे मास्तर?” तिने मला विचारले. मी भात कालवीत राहिलो.

पालकसभेच्या दिवशी मी स्वतः ते पाहिले. मास्तर स्टुलावर बसले होते. सदऱ्याची बटणे मनगटापर्यंत लावलेली. एका लहान मुलीच्या बुटाचा पट्टा तुटला होता आणि ते तो सेफ्टी पिनेने जोडून देत होते. मला पाहून त्यांनी मान हलविली. मी माझ्या चपला काढल्या नाहीत. आत गेलो नाही. पद्माची प्रगतिपत्रिका दुसऱ्या दिवशी पत्नीने जाऊन आणली. फ्रेंचमध्ये तिला वर्गात सर्वाधिक गुण होते.

मास्तर निवृत्त झाले, तेव्हा शाळेने त्यांना शाल दिली असे ऐकले. मला बोलावणे नव्हते.

त्यानंतर काही महिन्यांनी, एका साध्या बुधवारी, कचेरीच्या फाटकातून मास्तर आत येताना दिसले. हातात जाडसर लखोटा होता. मी बाकावरची माझी छत्री उचलून जागा केली, टंकयंत्रावरचे फडके काढले, आणि नवा कागद घातला. ते माझ्या टेबलापाशी थांबले आणि म्हणाले, “पद्मा बरी आहे?”

“बरी आहे सार. इंजिनीअरिंगला गेली.”

“बरं झालं.”

आणि ते पुढे गेले. दुसरे टेबल, तिसरे, चौथे. पाचव्यापाशी कलियपेरुमाळ बसतो. तो तमिळ माणूस, वयाने माझ्याहून लहान, अक्षर बरे, नियम कच्चे. मास्तर त्याच्या बाकावर बसले आणि लखोट्यातून कागद काढून तमिळमध्ये सांगू लागले. तो लिहू लागला. कलियपेरुमाळ हाताने लिहितो, त्यामुळे वेळ लागतो. माझ्यापुढे दोन अशील आले. त्यांना मी काय लिहून दिले ते आठवत नाही.

थोड्या वेळाने कलियपेरुमाळने मान वर करून माझ्याकडे पाहत हाक मारली. अडले की तो नेहमीच विचारतो, त्यात वावगे काही नव्हते. “रावजी, या अय्यांना निवृत्तीच्या कागदात हुद्दा बदलून हवा आहे. पेन्शनमध्ये काही फरक पडत नाही म्हणतात, फक्त शब्द बदलून हवा. आदेशात ‘साहाय्यक’ आहे, हे म्हणतात ‘मराठी शिक्षक’. आदेश यांच्याच विनंतीवरून निघालेला दिसतोय. मग मी काय लिहू?”

सगळी टेबले ऐकत होती. मास्तरांची पाठ माझ्याकडे होती आणि ती सरळ होती.

मी म्हणालो, “ते सांगतात ते लिही.”

त्याने मान डोलावली आणि लिहिले. मास्तरांनी चष्मा लावला, अर्ज हातात घेतला आणि वाचू लागले. पहिल्या ओळीपासून, सावकाश. कलियपेरुमाळने त्यांना घाई केली नाही. पान उलटून त्यांनी मागची बाजू कोरी आहे ना ते पाहिले. मग सही केली, कागद लखोट्यात घातला आणि माझ्या टेबलाकडून न येता पलीकडच्या पायऱ्या चढून कचेरीत गेले.